क्लोवाच्या उतारावर

पद्माकर शेजवलकर एडिनबराला हाडांचा सर्जन होता. त्या देशात सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात. आणि त्याचं पूर्ण आडनाव उच्चारायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून हॉस्पिटलात तो ‘मिस्टर शेज’ होता. त्याची बायको सुलक्षणा मात्र डॉक्टरच राहिली. दोघं पुण्याला मेडिकल कॉलेजात एकाच बॅचला होती, तेव्हापासून एकमेकांना अरे-तुरे करायची. सासूबाई असेपर्यंत त्यांच्यासमोर ती तोंडदेखलं ‘अहो’ म्हणायची, आणि मग स्वैपाकघरात जाऊन दोघं हसायची.

इंग्लंडात लीड्सला आली तेव्हा दोघांनाही सर्जरीच करायची होती. सुलक्षणाने तिथे कॅज्युअल्टीत काम केलं, शनिवारी रात्री दारू पिऊन पडलेल्यांचे मनगट-खांदे जागेवर बसवले, आणि ते तिला चांगलं जमायचं. मग विनय झाला. पुढच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला तिला एकच प्रश्न नीट विचारला गेला, तो म्हणजे बाळाला कोण सांभाळणार. म्हाताऱ्यांच्या वॉर्डात जागा कायम रिकाम्या असायच्या, कारण तिथल्या डॉक्टरांना तिकडे जायचं नसे. ती तिकडे गेली. सुरुवातीला नाइलाजाने, पण पुढे तिला ते काम मनापासून आवडायला लागलं.

डोंगराचा नाद तिचाच. वॉर्डात खिडक्या बंद आणि हीटर चालू. आठवडाभर त्या उबेत काढल्यावर रविवारी तिला गार वारा हवासा वाटे. ती एका वॉकिंग क्लबात जायला लागली आणि वर्षभराने पद्माकरलाही ओढून नेऊ लागली. तो कुरकुरत यायचा, परतताना सगळ्यांत खूश तोच असायचा.

शहाऐंशी सालच्या जानेवारीत दोघं ग्लेन क्लोवा नावाच्या डोंगराळ दरीत गेली. विनय मित्राकडे राहिला होता. हवा स्वच्छ होती, वरच्या पठारावर बर्फ कडक झालं होतं आणि उन्हात सगळं निळसर दिसत होतं. वर सँडविच खाल्ली, फ्लास्कमधला चहा संपवला आणि वेळेत परत फिरली. हिवाळ्यात तिकडे दुपारीच अंधारायला लागतं, त्यामुळे सुलक्षणा उशीर होऊ द्यायची नाही.

उतारावर पायवाट एक ओढा ओलांडते. ओढा गोठला होता आणि त्यावर भुरभुरीत बर्फ पडलं होतं, त्यामुळे खालचा काचेसारखा गुळगुळीत थर दिसतच नव्हता. सुलक्षणा पुढे होती. मागून पद्माकर ‘अगं’ एवढंच म्हणाला. ती वळली तोवर तो पाठीवर घसरत खाली चालला होता. उजवा हात पुढे धरून तो एका खडकावर आदळला आणि थांबला.

ती लगेच धावली नाही. आपणही घसरलो तर दोघंही संपलो, हे तिला कळत होतं. टाचा रुतवत ती बाजूने खाली उतरली. तोवर तो उठून बसायची धडपड करत होता.

“हलू नकोस. डोकं आपटलं?”

“नाही. मान ठीक आहे. पाय ठीक आहेत.” त्याचा श्वास तुटत होता. “हात गेला, सुलू. कोपर.”

जॅकेटच्या बाहीतूनही दिसत होतं. कोपराचं हाड मागे उचकटलं होतं आणि हाताचा खालचा भाग आखूड झाल्यासारखा भलत्याच कोनात होता. तिने दोघांच्या सॅकमधून फोमची चटई आणि जास्तीचे कपडे काढले, चटई त्याच्याखाली सरकवली, कारण खालचं बर्फ अंगातली ऊब आधी शोषून घेतं. मग त्याचा हातमोजा काढला.

हात पांढरा होता, मेणासारखा.

मनगटाची नाडी बघायला तिने बोटं टेकवली, पण तिची स्वतःचीच बोटं बधिर होती. तिने ती जॅकेटमध्ये घालून काखेत धरली, त्यांना जाणीव येईपर्यंत थांबली, आणि पुन्हा टेकवली.

“पल्स?” त्याने विचारलं.

“मिळत नाही.”

“थंडीने असेल. दुसरा हात बघ.”

तिने डावा हात बघितला. डाव्या हाताची नाडी लगेच लागली. उजव्याची लागेना. नख दाबून सोडलं तर ते पांढरंच राहिलं, गुलाबी व्हायला तयार नव्हतं.

वाऱ्याने वरचं बर्फ उडून त्यांच्या अंगावर येत होतं. दोघांनाही एकच गोष्ट माहीत होती. उचकटलेल्या हाडाने रक्तवाहिनी दाबली होती. रक्त पोचलं नाही तर काही तासांत हातातले स्नायू मरतात, बोटं पंजासारखी वाकतात आणि जन्मभर तशीच राहतात. एरवी नियम असा की, मोडलेला हात जसा सापडला तसा बांधायचा आणि हॉस्पिटल गाठायचं. पण हॉस्पिटल डंडीला होतं, गाडी खाली दरीच्या तोंडाशी, आणि दोघांशिवाय उतारावर कुणी नव्हतं.

“सरळ करायला लागेल,” पद्माकर म्हणाला. “इथेच.”

“हो.”

“तुला जमेल? लीड्सनंतर तू कधी...”

“नाही केलंय. पण विसरलेली नाही.” तिने सॅकच्या कमरेचा पट्टा सोडवला. “तू मला शिकवू नकोस. फक्त पडून राहा.”

एरवी हे काम दोघांचं. एकाने दंड धरायचा, दुसऱ्याने खालचा हात ओढायचा. दंड धरायला माणूस नव्हता म्हणून तिने त्याच्या दंडाभोवती मफलर गुंडाळला, त्यावरून तो पट्टा घेतला आणि पट्टा खडकाच्या सुळक्याला अडकवून ताणला. त्याचं घड्याळ काढलं. अंगठी काढली; ती सुजलेल्या बोटात रुतली असती. दोन्ही वस्तू आपल्या खिशात टाकून चेन लावली. पद्माकरने आपली लोकरी टोपी काढून दातात धरली.

“ओढू?”

त्याने मान डोलावली.

तिने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं, खडकाला पाय लावले आणि ओढायला सुरुवात केली. झटका द्यायचा नसतो. हळूहळू, एकसारखा जोर लावायचा आणि आकसलेले स्नायू दमेपर्यंत सोडायचा नाही. पद्माकरच्या घशातून आवाज निघाला, तो तिने कधी ऐकलेला नव्हता. ती ओढत राहिली. एका क्षणी त्याचं सगळं अंग एकदम ताठ झालं आणि डोळे विस्फारले.

“थांबू?”

त्याने जोरजोराने मान हलवली. नाही.

तिने हात तसाच ताणून धरून कोपर हळूच वाकवलं, आणि आत काहीतरी खट्कन बसलं. तिला ते आपल्या तळव्यांत जाणवलं. हाताला पुन्हा हाताचा आकार आला.

ती गुडघ्यांवर बसून नखांकडे बघत राहिली. पहिल्यांदा अंगठ्याचं नख गुलाबी झालं. मग बाकीची. मनगटाशी अगदी बारीक, पाखराच्या छातीसारखी नाडी लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने बाहीने पुसलं.

“आली,” ती म्हणाली. “पद्माकर, आली नाडी.”

तो डोळे मिटून पडला होता.

तिने जॅकेटला लावलेली सेफ्टी पिन काढली आणि एकेका बोटाला टोकाने हळूच टोचलं. “कळतंय? हे? आणि हे? करंगळी?”

“कळतंय,” तो म्हणाला.

मग बांधायचं काम. त्यांच्या फर्स्ट एडच्या डबीत चार चिकटपट्ट्या आणि एक क्रेप बँडेज होतं. दोन डॉक्टरांच्या सॅकमध्ये एवढंच. पण चटई होती. तिने सँडविचच्या सुरीने चटईचा लांब तुकडा कापला, त्याला मधे घडी घालून पन्हाळीसारखा आकार दिला, आत मोजे आणि स्वेटरची बाही भरून मऊ केलं आणि कोपर मनगटासकट त्यात बसवलं. वरून बँडेज गुंडाळलं. बोटं गारठू नयेत म्हणून हातावर जाड लोकरी मोजा चढवला, पण असा, की केव्हाही काढून नखं बघता येतील. झोळी करायला मफलर आखूड पडत होता, म्हणून त्याच्याच जॅकेटचा खालचा घेर वर उलटवून हातावरून घेतला आणि छातीशी त्याच पिनेने टाचला.

“घट्ट बांध,” तो म्हणाला. “हललं तर परत निसटेल.”

तिने घट्ट बांधलं.

उतरायला खूप वेळ लागला. एक हात बांधलेला माणूस बर्फावर किती असहाय होतो ते तिला त्या दिवशी कळलं. तोल सावरायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. ती त्याच्या खालच्या बाजूला राहून, बुटाने पायऱ्या खोदत, त्याला एकेक पाऊल सांगत होती. अधूनमधून थांबून ती मोजा काढून नखं बघायची, बँडेजखाली बोट सरकवून बघायची. खालच्या टप्प्यात तो घसरून बसला आणि बँडेज सैल झालं. तिने ते पुन्हा आवळलं. तोवर दिवस मावळत आला होता. त्याला हुडहुडी भरली होती आणि तो शब्द खात बोलायला लागला होता. त्यानंतर ती थांबली नाही. त्याला बोलतं ठेवत, रागावत, जवळजवळ फरफटत तिने दरीतलं पहिलं शेतघर गाठलं. तिथल्या शेतकऱ्याने एकही प्रश्न न विचारता लँड रोव्हर काढली.

डंडीला एका तरुण डॉक्टरने कात्रीने बँडेज कापलं. हात प्रचंड सुजला होता आणि कातडीवर बँडेजच्या कडांचे लालभडक वळ उमटले होते. सुलक्षणाने ते बघितले.

“रक्त नीट पोचतंय,” तो डॉक्टर म्हणाला. “हे डोंगरावर तुम्ही केलंत? हात वाचवलात तुम्ही.”

ती वळांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी विनयचा फोन आला. तो लीड्सला जन्मला आणि एडिनबरात वाढला, त्याचं मराठी त्याच्यासारखंच घाईत असायचं. “आई, बाबाची हात बरी होणार ना?” त्याने विचारलं. एरवी तिने ‘बाबाचा हात, बरा’ असं दुरुस्त केलं असतं. त्या दिवशी ती ‘हो रे राजा’ म्हणाली आणि फोन ठेवला.

हाड बरं झालं. नस झाली नाही. कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी एक नस असते. कोपर आपटलं की मुंग्या येतात ती हीच. पद्माकरचा सहकारी गॅलब्रेथ याने एडिनबरात ती उघडून बघितली, मोकळी केली, आणि सहा महिने वाट बघू म्हणाला. सहा महिन्यांनी करंगळी आणि शेजारचं बोट वाकलेलंच होतं, अंगठ्याने कागद चिमटीत धरला तर कुणीही तो सहज ओढून घ्यावा. चहाचा कप धरता येत नव्हता, तिथे माणसाच्या हाडात स्क्रू कुठून घालणार?

पद्माकरने ऑपरेशन थिएटर सोडलं. हॉस्पिटलने त्याला फ्रॅक्चर क्लिनिक दिलं, विद्यार्थी दिले. तो वेळेवर जायचा, वेळेवर यायचा. घरी तो उजवा हात टेबलाखाली ठेवून डाव्या हाताने जेवायचा. त्या हाताबद्दल तो बोलत नसे आणि कुणी बोललेलं त्याला चालत नसे. गॅलब्रेथ म्हणत होता की दुसऱ्या बोटाचा स्नायूबंध वळवून लावला तर पकड थोडी सुधारेल. ‘सर्जन व्हायला पुरेल का?’ असं पद्माकरने विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने तो विषय संपवला. एकदा सुलक्षणा त्याची बोटं चोळून द्यायला बसली, तर त्याने हात काढून घेतला. “राहू दे,” म्हणाला. रागाने नव्हे. पण तिने परत विचारलं नाही.

तिच्या मनात ते वळ होते. नाडी आली तेव्हा करंगळीला कळत होतं. तिने स्वतः टोचून विचारलं होतं. म्हणजे ओढताना नस शाबूत होती. म्हणजे ती नंतर गेली. बँडेज तिने आवळलं, घसरल्यावर पुन्हा आवळलं, आणि शेवटच्या टप्प्यात एकदाही मोजा काढून बघितलं नाही. हा हिशेब तिने कुणाला सांगितला नाही. वॉर्डात एखाद्या आजीच्या पायाला बँडेज बांधलं असलं की ती जाता-येता त्याखाली बोट घालून बघायची. नर्सेसना वाटायचं, डॉक्टर जरा अतीच करतात.

डोंगरावर जाणं तिने सोडलं नाही. उलट हिवाळ्यात डोंगरावर हातपाय मोडला तर हाताशी असलेल्या वस्तूंनी काय करायचं, याचा तिने कसून अभ्यास केला, आणि क्लबातल्या लोकांना दर नोव्हेंबरात एक संध्याकाळ ती ते शिकवायला लागली. चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या, मागे चहाचा बंब. पद्माकर कधी गेला नाही.

एकोणनव्वद साली मात्र तो गेला. विनय युनिव्हर्सिटीत गेला होता आणि स्लाइड प्रोजेक्टर उचलायला कुणी नव्हतं. डाव्या हाताने त्याने तो आत नेऊन ठेवला, आणि बाहेर पाऊस होता म्हणून गाडीत न बसता शेवटच्या रांगेत बसला. कोट अंगात तसाच.

सुलक्षणा चांगली शिकवत होती. तिने एका पोस्टात काम करणाऱ्या बाईला पुढे बोलावून तिचा पाय दोन चालायच्या काठ्या आणि चटईत बांधून दाखवला. सॅकमधली धातूची पट्टी काढून ती कशी वापरायची, मोडलेलं बोट शेजारच्या बोटाला कसं बांधायचं, बूट काढायचा की ठेवायचा, सगळं सांगितलं. लोक हसत होते, प्रश्न विचारत होते. मग तिने हातातलं बँडेज खाली ठेवलं.

“बांधल्यानंतर काम संपत नाही,” ती इंग्रजीत म्हणाली. “बांधलेला भाग सुजतो आणि सकाळी बरोबर असलेलं बँडेज दुपारी गळफास बनतं. मी एकदा डोंगरावर एका माणसाचा हात बांधला. घट्ट बांधला. शेवटच्या टप्प्यात अंधार पडत होता, म्हणून मी तपासायला थांबले नाही. त्याची नस गेली. तो सर्जन होता. त्याने त्यानंतर ऑपरेशन केलं नाही.”

तिने पुढची स्लाइड लावली.

शेवटच्या रांगेत पद्माकर मान खाली घालून बसला होता. चहा झाला, खुर्च्या उचलल्या, लोक गेले. प्रोजेक्टर गाडीत ठेवून दोघं पुढे बसली. पाऊस काचेवर वाजत होता. तिने किल्ली लावली.

“थांब जरा,” तो म्हणाला. “ते बँडेजचं काय बोललीस?”

“खरं तेच बोलले.”

“ते खरं नाही, सुलू.”

“वळ मी बघितलेत, पद्माकर. मला समजावू नकोस.”

“वळ कातडीवर होते. नस कोपरात अडकली होती. हाडांच्या सांध्यात, चिमटीत सापडल्यासारखी. गॅलब्रेथने उघडलं तेव्हा तिथेच होती ती; तुला सांगू नकोस असं मीच त्याला म्हटलं होतं.” तो समोर बघून बोलत होता. “तू ओढत होतीस तेव्हा ती सापडली. मला कळलं. करंगळीपर्यंत करंट गेला, आणि मग काहीच नाही.”

ती त्याच्याकडे वळली. “मी थांबू का विचारलं होतं.”

“अर्ध्यावर थांबली असतीस तर हातच गेला असता. रक्त आधी, नस नंतर. कुठल्याही पेशंटला मी तेच केलं असतं.”

“आणि नंतर? मी पिन टोचली तेव्हा?”



“कळत नव्हतं,” तो म्हणाला. “करंगळीला काहीच कळत नव्हतं. तू रडत होतीस. नाडी आली म्हणून. तुला अजून मला बांधायचं होतं, खाली न्यायचं होतं. तुझे हात थरथरले असते तर दोघंही तिथेच राहिलो असतो. म्हणून म्हटलं कळतंय. डंडीला पोचल्यावर डॉक्टरला खरं सांगितलं, तू फोन करायला गेली होतीस तेव्हा.”

“आणि मला?”

“तुला कळलं असतं तर तू स्वतःला दोष दिला असतास.”

“दिलाच की!” तिचा आवाज गाडीत एवढा मोठा वाटला की तीच दचकली. “जवळजवळ चार वर्षं देते आहे! ओढणं बरोबर होतं. ते तू नि मी मिळून ठरवलं होतं. त्यात हात गेला असता तर मला वाईट वाटलं असतं, पण ते मला पेललं असतं. बांधताना मी हलगर्जीपणा केला, तपासलं नाही, हे नाही पेलवलं मला. रोज वॉर्डात जाते आणि रोज ते माझ्याबरोबर येतं. तुझ्या एका वाक्याने ते गेलं असतं.”

“मला माहीत नव्हतं तू हे धरून बसली आहेस.”

“विचारलंस कधी?”

“नाही.” त्याने उजवा हात कोटाच्या खिशात घातला होता, तो तिथेच होता. “आणि अजून एक आहे, ते पण ऐकून घे. मला राग यायचा. तुझा. ओढ म्हणणारा मीच, तरी यायचा. थिएटरच्या दारावरून जाताना यायचा. म्हणून तो विषयच नको वाटायचा. तो निघाला असता तर तोंडातून काय बाहेर पडलं असतं, सांगता येत नाही.”

सुलक्षणाने गाडी सुरू केली.

त्यानंतरचे आठवडे चांगले गेले नाहीत. ती कामापुरतं बोलायची. कधी भांडी घासताना एकदम वळून विचारायची, “उतरताना तरी का नाही सांगितलंस?” आणि तो उत्तर द्यायचा. कधी तो बोलायला लागे आणि ती म्हणे, “आत्ता नको.” ख्रिसमसच्या सुट्टीत विनय आला आणि दोन दिवसांत म्हणाला, “तुम्ही दोघं भांडता आहे का? आधी तुम्ही काहीच बोलत नव्हता. मला वाटते हे बरी आहे.” सुलक्षणाने या वेळी ‘बरं’ म्हणून दुरुस्त केलं. पद्माकर हसला, आणि ती हसली नाही, पण उठूनही गेली नाही.

मार्चमध्ये एका सकाळी नाश्ता करताना तो म्हणाला, “गॅलब्रेथला फोन करतो म्हणतोय.”

“कशाला?”

“ते स्नायूबंधाचं. सर्जन होण्यासाठी नव्हे. कप धरता आला तरी पुष्कळ झालं.”

तिने पोळीला लोणी लावलं. “मी येते बरोबर,” ती म्हणाली. “या वेळी डॉक्टर काय सांगतो ते मी स्वतःच्या कानांनी ऐकणार.”

ती गेली. गॅलब्रेथने चित्र काढून दोघांना समजावलं आणि तिने पद्माकरपेक्षा जास्त प्रश्न विचारले. ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. प्लास्टर निघाल्यावर बोटांना नव्याने शिकवायला लागतं. तो व्यायाम तिने घेतला, रोज संध्याकाळी स्वैपाकघरातल्या टेबलाशी, कणकेचा गोळा त्याच्या तळव्यात देऊन. करंगळी बधिरच राहिली. पण बाकीची बोटं सरळ झाली आणि पकड आली. फार नाही.

त्या नोव्हेंबरात हॉलमध्ये तिने गेल्या वर्षीची गोष्ट दुरुस्त करून सांगितली. मागच्या रांगेतून पद्माकर उठून पुढे आला, बाही वर सारली आणि आपला हात टेबलावर ठेवला. लोकांनी रांगेने येऊन तो बघितला. पोस्टातल्या बाईने, एका शाळामास्तराने, दोन कॉलेजच्या पोरींनी. जाणीव कुठे संपते ते पिनेच्या टोकाने कसं शोधायचं, पेशंटला डोळे मिटायला सांगून ‘कळतंय का’ असं न विचारता ‘कुठल्या बोटाला टोचलं’ असं का विचारायचं, ते तो एकेकाला समजावत होता. त्याचा आवाज मोठा झाला होता. थिएटरमध्ये ज्युनियरांवर ओरडायचा तसा.

“तुम्ही घाई करताय,” तो शाळामास्तराला म्हणाला. “परत करा.”

सुलक्षणा चहाच्या बंबाशी उभी राहून कप भरत होती. बाहेर पहिलं बर्फ पडायला लागलं होतं.